उन्हावरची गिरणी

माझं माहेर भाटघरचं. धरणाची भिंत आमच्या अंगणातून दिसायची, आणि तिच्या पायथ्याशी पाण्यावर वीज तयार होते हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. त्या विजेच्या तारा आमच्या खाचरांवरून जायच्या. आम्ही त्यांच्याखाली भात लावायचो आणि संध्याकाळी घरी येऊन चिमणीची काच पुसायचो. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण गुरुजींनी फळ्यावर लिहिली तेव्हा सगळ्या वर्गात मला एकटीलाच हसू आलं, आणि त्याबद्दल मला तास संपेपर्यंत उभं राहावं लागलं. पुढे माहेरीही खांब आले, पण तोवर मी लग्न होऊन वेल्ह्याकडच्या डोंगरात आले होते.

इथली तऱ्हा वेगळी. इथं वीज होती, पण ती आमच्यापर्यंत येईस्तोवर दमून जायची. खांब डांबरी रस्त्यावरून आधी वरच्या आळीत गेले, मग देवळाकडे, मग शाळेकडे, आणि ओढा ओलांडून सगळ्यात शेवटी आमच्या बौद्ध वस्तीत. शेवटचा खांब माझ्या दारात आहे. वरच्या आळीत पंखे गरगरत असायचे तेव्हा आमच्या बल्बातली तार नुसती लाल व्हायची. शेवटचा खांब आमच्याच वाट्याला का, हे विचारायला कुणी गेलं नाही. नळ आला, रस्ता आला, त्याच क्रमानं वीजही आली.

अशा जागी पिठाची गिरणी टाकायची हे माझ्या डोक्यातलं खूळ. त्याला कारण होतं. वरच्या आळीतल्या गिरणीत आमचं दळण कायम शेवटी लागायचं. गिरणीवाला माणूस काही वाईट नव्हता, पण ओळीत ठेवलेला आमचा डबा आपोआप मागे सरकायचा, आणि आमची पाळी येईपर्यंत लाईट जायची. मग डोक्यावर तेच धान्य घेऊन ओढा उतरायचा. असं किती वर्षं केलं ते मी मोजलेलं नाही, पण एकदा भर ओढ्यात उभी राहून मी ठरवलं की आता हे पुरे.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, टेम्पोवर असतात, भाजीपाला पुण्याला पोचवतात. ते म्हणाले, “हितं दिवा पेटंना, आन्‌ तू मोटार लावतीस.” सासूबाई म्हणाल्या, “करू दे. हिला न्हाई म्हणून कोण वाचलंय?” मी जुनं जातं आणलं, मोटार आणली, पत्र्याची शेड मारली. मालकांचं म्हणणं खरं ठरलं. कमी दाबाच्या विजेवर मोटार नुसती गुरगुरायची, गरम व्हायची आणि जळायची. तिची तांब्याची तार नव्यानं भरून आणायची, पुन्हा लावायची, पुन्हा जळायची. वरच्या आळीत माझ्या गिरणीवर विनोद चालायचे. मला ते कळायचे, आणि झोंबायचेही.

माझा धाकटा भाऊ सोलर बसवायच्या कामावर आहे. पानशेतला धरणाच्या काठी पुणेकरांचे बंगले आहेत, तिथं त्याचं सारखं जाणं-येणं. बंगल्याचे मालक सुट्टीला येणार, पण त्यांचा फ्रिज मात्र वर्षभर थंड पाहिजे. तर अशाच एका बंगल्यावर मोठी नवी पॅनलं बसली आणि जुनी निघाली. चांगली धडधाकट होती. भावानं ती आमच्या मालकांच्या टेम्पोत भरून माझ्या दारात आणून उतरवली आणि शेडच्या पत्र्यावर ओळीनं जोडून दिली.

“बॅटरी न्हाई, आक्का,” तो म्हणाला. “बॅटरी तुला परवडायची न्हाई. ऊन हाय तवर गिरणी. ऊन गेलं की तू रिकामी.”

“मी कधी रिकामी असते?”

“आन्‌ ह्या सगळ्या काचा एका ओळीत हाईत. एकीवर जरी सावली पडली तरी आख्खी ओळ बसती. तो शेवगा काढ.”

शेवगा सासूबाईंचा होता. त्याची एकच फांदी दुपारनंतर कडेच्या पॅनलवर यायची, पण ती आली की दगड निम्म्या वेगानं फिरायचा. मी फांदी तोडली. भाऊ म्हणाला, बुंध्यासकट काढ, पुढच्या वर्षी पुन्हा येईल. मी बुंध्यासकट काढला. तेव्हापासून घरात कुणी पाहुणा आला की सासूबाई त्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात, “सूनबाईच्या गिरणीनं माझा शेवगा खाल्ला.”

गिरणी मात्र चालली. खांब दारातच होता, पण मला आता त्याची गरज उरली नव्हती. पावसाळ्यात म्हणावं तसं काम होत नाही. आमच्या डोंगरात पाऊस लागला की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा मी दगडाला टाकी लावते, म्हणजे छिन्नीनं ठोकून त्याचे दात पुन्हा धारदार करते. बाकीच्या दिवसांत माझी गिरणी वीज असो-नसो चालते. तिची वेळ भिंतीवरच्या घड्याळात नसते. सकाळी तोरण्यावरचं धुकं उठलं की दगड जागा होतो, आणि दिवस कलला की आपोआप मंद होत थांबतो. मधेच ढग आला तर सगळ्या बायका चाललेलं बोलणं सोडून वर बघतात. लांबच्या वाडीतली माणसं निघायच्या आधी मला मोबाईल करून विचारतात, “ऊन हाय का?” जणू काही त्यांच्या वाडीत वेगळं ऊन असतं.

वरच्या आळीतली दळणंही हळूहळू यायला लागली. लाईट गेली की पोट कुणाचं ऐकतंय? आधी नाचणी आली, मग बाजरी, मग गहू. डबा कुणाच्या तरी हाती पाठवायचा आणि पीठ तसंच मागवून घ्यायचं, इथपासून सुरुवात झाली. नंतर बायका स्वतः येऊन पायरीवर बसायला लागल्या. मला बरं वाटायचं. पण एक दळण काही येत नव्हतं, ते म्हणजे उपवासाचं.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. नवरात्राच्या आदल्या दिवशी गावची गिरणी रोजचं दळण बंद ठेवते. दगड उघडून झाडतात, पुसतात, धान्य ओतायचं पत्र्याचं तोंड धुतात, पिठाची कापडी पिशवी नवी बांधतात. मग त्या दिवशी फक्त वरई, राजगिरा, साबुदाणा. गव्हाचा एक कण त्यात जायला नको. वरई तर आमच्याच डोंगरउतारावर पिकते, आमची माणसंही पिकवतात. आमच्या शेतातली वरई बाजारातून घेऊन त्यांच्या देवीला चालायची. आमच्या गिरणीतलं तिचं पीठ मात्र नाही. मी काही उपवास करत नाही, घट बसवत नाही. आमची बुद्धपौर्णिमा, आमचा विहार, आमचं ते आम्ही करतो. देवीला काय चालतं ते देवी आणि तिचे भक्त बघतील, पण गिरणी मी चालवते. दगड मी त्यांच्यापेक्षा स्वच्छ ठेवते. ज्या हातचं रोजचं पीठ चालतं, त्या हाताचं वर्षातून एका दिवशी काय बिघडतं, हे मला कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं, म्हणूनच राग येत होता. दरवर्षी त्या दिवशी मीही माझी गिरणी बंद ठेवून दगड झाडून, पुसून ठेवायचे. सासूबाई म्हणायच्या, कशाला? मी म्हणायचे, असू दे, तयार असावं.

मग एका वर्षी परतीच्या पावसात वीज कडाडली आणि गावाचा डीपी जळाला. डीपी म्हणजे गावाला वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे डीपी जळाला की सरपंचांपासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळे फोन लावतात आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, ‘येतोय’. घट बसायची वेळ आली तरी तो येतच होता. वेल्ह्याच्या बाजारातल्या गिरणीत न्यावं तर तिथली लाईनही त्याच कडकडाटात गेलेली. ऊन मात्र कडक पडलं होतं, पावसानंतर पडतं तसं.

घटाच्या आदल्या दिवशी सकाळी मी दगड पुसत होते, तोच ओढ्यापलीकडून बायका येताना दिसल्या. एकीच्या मागे एक, कडेवर डबे. पुढे होत्या त्या घटाच्या बाई. गावातल्या देवीचे घट त्यांच्याच हातानं बसतात, म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. सत्तरी ओलांडलेल्या, काठीसारख्या सरळ, आणि बोलणं असं की समोरच्यानं फक्त हो म्हणावं. त्या आल्या म्हणजे गाव आलं. मी हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

त्यांनी शेडच्या बाहेर उभं राहूनच विचारलं, “दगड झाडलाय का?”

“बघा की आत येऊन,” मी म्हटलं.

त्या आत आल्या. दगडावरून बोट फिरवलं, बोट बघितलं. मग म्हणाल्या, “माजी वरई आधी घाल.”

मी डब्यात हात घातला तर वरई ओलसर. देवीचं म्हणून त्यांनी सकाळी पुन्हा धुतली होती.

“मावशी, ही ओली हाय. दगडाला चिकटंल, मग समद्यांचंच दळण ऱ्हाईल. जरा वाळवून आणा, तवर दुसऱ्यांचं घेते.”

“कुठं वाळवू?”

“ऊन काय कमी हाय का? पडलंय की समदीकडं,” मी म्हटलं आणि कामाला लागले.

त्या डबा घेऊन मागच्या बाजूला गेल्या. मी दुसरीचा राजगिरा ओतला, खटका दाबला, दगड फिरायला लागला. पीठ पिशवीत पडायला लागलं तसा माझा आनंद माझ्या तोंडावर दिसायला लागला असावा, कारण सासूबाईंनी मला दारातून डोळ्यांनीच दटावलं. पायरीवर बायका बसल्या होत्या, गप्पा चालू होत्या. एवढ्या वर्षांत मी जे मनात धरलं होतं ते डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मला ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

आणि दगड मंद झाला. मग गुरगुरला, आणि थांबला.

सगळ्यांनी सवयीनं वर बघितलं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. ऊन तसंच टळटळीत. मी पट्टा बघितला, ठीक होता. तारा बघितल्या. खटका बंद करून पुन्हा दाबला. मोटार नुसती हुं करून गप्प. पायरीवरच्या गप्पा थांबल्या, आणि मग कुजबुज सुरू झाली. एक जण हळूच म्हणाली, पण मला ऐकू येईल इतपत, “रोज चालती, आजच कशी थांबली?” दुसरी म्हणाली, “देवीचं दळण हाय, बाई. तिला पटलं नसंल.”

एकीनं डबा उचलून कडेवर घेतला. तिचं बघून दुसरीनं. मोटार जळाली असती तर मी पुन्हा भरून आणली असती, त्याची मला सवय होती. पण हे डबे आज ओढ्यापलीकडे परत गेले तर ते कायमचेच गेले, आणि वर गोष्ट राहिली असती की देवीनं गिरणी थांबवली. माझ्या नातवंडांच्या काळापर्यंत ती गोष्ट पुरली असती.

“थांबा,” मी म्हटलं, आणि मागच्या बाजूला धावले.

आमचं घर डोंगराच्या पोटात आहे. पुढून शेड उंच, पण मागे ताल, म्हणजे उतारावरचा दगडी बांध, इतकी वर की पत्रा कमरेला लागतो. तिथं घटाच्या बाई मांडी घालून बसल्या होत्या. पॅनलांवर त्यांनी डब्यावर झाकून आणलेलं धुवट, पांढरंशुभ्र लुगडं या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं, त्यावर वरई पातळ सारवल्यासारखी पसरलेली, आणि त्या हातातल्या फोकानं चिमण्या हाकत होत्या.

“हितं लई झ्याक वाळतंय गं,” त्या म्हणाल्या. “काच कशी तव्यावानी तापलीया. कोंबड्यांचा पाय न्हाई, माती न्हाई. असली जागा अख्ख्या गावात न्हाई.”

मला इतकं हसू आलं की मी तिथंच तालीवर बसले. मागोमाग आलेल्या बायकांना आधी काही कळेना. मी लुगड्याचं एक टोक उचललं, वरई गोळा केली, दुसरं टोक उचललं. खालची काळी काच उन्हाला उघडी पडली आणि शेडमध्ये दगड घरघरायला लागला. मी लुगडं पुन्हा टाकलं. दगड थांबला. उचललं, चालू झाला. एकीच्या तोंडून “अगं बया” निघालं, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. घटाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या पॅनलांकडे आणि आकाशाकडे आळीपाळीनं बघत होत्या.

वरई खडखडीत वाळली होती, हे मान्य करायला हवं. पुढे येऊन मी आधीचा राजगिरा संपवला आणि ती गिरणीत ओतली. दळता दळता घटाच्या बाईंनी विचारलं, “म्हंजी ह्येला खांबावरची तार न्हाई?”

“न्हाई.”

“निस्तं ऊन?”

“निस्तं ऊन.”

त्यांनी मान डोलावली आणि पायरीवरच्या बायकांकडे वळून, देवळात सांगावं तशा सुरात म्हणाल्या, “मग काय हरकत न्हाई. हे सूर्यनारायणाचं पीठ. ह्येला कुणाचा हात लागत न्हाई.”

बायकांचे चेहरे एकदम सैल झाले. व्हय व्हय, खरंच की, सूर्यनारायणाचं. त्यांना सोय सापडली होती. इतक्या वर्षांचा पेच त्या एका वाक्यानं सुटला होता, आणि तो सुटताना मी आणि माझे हात त्यातून बाजूला काढून ठेवले गेले होते.

गप्प बसणं शहाणपणाचं होतं. दळण आलं होतं, पुढेही आलं असतं. सासूबाई दारातून मला हातानं खूण करत होत्या, गप, गप. पण माझा स्वभाव मला माहीत आहे, आणि त्यांनाही. मी खटका बंद केला. दगड थांबला.

“मावशी,” मी म्हटलं, “सूर्य वरनं ऊन देतो, त्ये समद्यांनाच देतो. ह्या दगडाला टाकी म्या लावती. पट्टा म्या चढवती. सकाळपास्नं हा दगड म्याच पुसलाय, तुमी बोट लावून बघितलंय. हे पीठ माज्या हातचं हाय. हात लागला न्हाई असं म्हणून न्यायचं असंल, तर डबा न्या, पीठ ऱ्हाऊ द्या.”

ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. मला माझ्याच बोलण्याची भीती वाटली, पण परत घ्यावंसं वाटलं नाही. घटाच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तोरण्याकडे. माचीवर एक ढग येऊन टेकला होता, आणि त्यांची निम्मी वरई अजून गिरणीच्या तोंडात होती.

त्या उठल्या. पिशवीपाशी आल्या. पिठाची चिमूट घेतली, अंगठा आणि बोटात चोळली, सगळ्या बायका चोळून बघतात तशीच.

“जाड पडतंय,” त्या म्हणाल्या. “जरा बारीक कर की.”

सूर्यनारायणाला कुणी बारीक दळ म्हणत नाही. मला रडूच आलं असतं, पण ढग पुढे सरकत होता आणि ओळ मोठी होती. मी दगड किंचित आवळला आणि खटका दाबला. त्या पुन्हा बाहेर जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. आत, पिठाच्या धुरळ्यात, माझ्या शेजारीच उभ्या राहिल्या आणि दर थोड्या वेळानं चिमूट चोळून बघत राहिल्या. ऊन उतरेपर्यंत सगळ्यांची दळणं झाली. जिनं देवीला पटलं नाही म्हटलं होतं तिचंही झालं. मी तिला मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवली होती.

डीपी नंतर आला. वरच्या आळीतली गिरणी सुरू झाली, आणि रोजची निम्मी दळणं तिकडे परत गेली. ती जवळ आहे, त्यात वाईट वाटायचं काही नाही. पण पुढच्या नवरात्राआधी, गावात लख्ख वीज असताना, घटाच्या बाई डबा घेऊन ओढा उतरल्या. वरई घरूनच वाळवून आणली होती. आता दरवर्षी येतात. पॅनलांच्या बाजूला मात्र फिरकत नाहीत.

परवा मी वेल्ह्याच्या बाजारात होते. एसटीच्या थांब्यावर घटाच्या बाई भेटल्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या माहेरची कुणी बाई होती. ती विचारत होती, तुमच्याकडचं वरईचं पीठ इतकं छान, भाकरी मोडत नाही, कुठल्या गिरणीतलं? मी शेजारीच उभी होते, पिशव्या सांभाळत, दुसरीकडे बघत. कान मात्र तिकडेच होते. घटाच्या बाईंनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

“हिच्या हातचं हाय,” त्या म्हणाल्या. “जरा जाड पडतं, पण चांगलं असतं.”

जाड अजिबात पडत नाही. पण मी काही बोलले नाही.